लग्नाच्या मिस्सासाठी एकच वाद्य : कोणते निवडावे?



पावसाळा सरला की आपल्याकडे लग्नाच्या तारखा निघू लागतात. हॉल ठरतो, जेवणाची ऑर्डर दिली जाते, व्हिडिओवाल्याला विसार पोहोचतो, नवरीचा गाऊन शिवायला जातो. चर्चमधल्या संगीताची आठवण मात्र बहुतेक घरांत शेवटच्या पंधरवड्यात होते. मग धावपळ सुरू होते. कुणीतरी सुचवते, "एखादे सोलो वाद्य ठेवा, छान वाटते." कोणते, कशासाठी आणि मिस्साच्या कोणत्या भागात, हे मात्र कुणी विचारत नाही.

गेली अनेक वर्षे मी चर्चच्या गायकवृंदात कीबोर्ड वाजवतो आहे. अशा निमित्ताने माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबाची गोष्ट सांगून आजच्या पाठाला सुरुवात करतो.

मुलगी, तिचा होणारा नवरा आणि मुलीची आई असे तिघे संध्याकाळच्या सरावानंतर भेटायला आले. मुलीने थेट विचारले, "सर, व्हायोलिन ठेवू की सॅक्सोफोन? मैत्रिणीच्या लग्नात सॅक्सोफोन होता, सगळ्यांना खूप आवडला."

"कशासाठी ठेवायचा?" मी विचारले.

"एन्ट्रीसाठी."

"आणि नंतर?"

दोघे एकमेकांकडे पाहू लागले. इतका वेळ गप्प बसलेली आई हळूच म्हणाली, "सर, माझा मोठा भाऊ क्लॅरिनेट वाजवतो. भाचीच्या लग्नात देवळात वाजवायची त्याची फार इच्छा आहे. पण घरातली माणसे म्हणतात, बँडवाला देवळात कसा शोभेल?"

चाळीस वर्षे हा माणूस लोकांच्या लग्नात क्लॅरिनेट वाजवत आला. वरात चर्चच्या फाटकाशी आली की बँड थांबतो आणि वधूवर आत जातात. बँडवाले झाडाच्या सावलीत वाद्ये पुसत मिस्सा संपायची वाट पाहतात. शेकडो लग्नांना हजेरी लावलेले ते वाद्य देवळाच्या उंबरठ्याच्या आत कधीच वाजले नव्हते.

त्या दिवशी मी उत्तर दिले नाही. "एक आठवडा द्या, फादरांशी बोलतो," एवढेच म्हणालो. त्या आठवड्यात जे वाचले आणि जे आधीपासून ठाऊक होते पण कधी नीट मांडले नव्हते, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

ख्रिस्तसभा काय सांगते?

एकट्या वाद्याचा बायबलमधला सर्वांत हृद्य प्रसंग शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात आहे. शौल राजाचे मन अस्वस्थ होई, तेव्हा कोवळा दावीद त्याच्यापुढे बसून वीणा वाजवी आणि राजाला आराम पडे. तिथे टाळ्या नाहीत, गर्दी नाही. एक वाद्य आहे आणि शांती हवी असलेला एक माणूस आहे. दीडशेव्या स्तोत्रात तर कर्णा, वीणा, डफ, तंतुवाद्ये, पावा, झांजा अशी सगळीच वाद्ये देवाच्या स्तुतीसाठी बोलावलेली आहेत. म्हणजे मुळात कोणतेही वाद्य देवाला वर्ज्य नाही.

तरीही ख्रिस्तसभेने वाद्यांबाबत वेळोवेळी सावधपणा बाळगला आहे. पोप दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, म्हणजे संगीतकारांची आश्रयदाती संत सेसिलिया हिच्या सणादिवशी, पवित्र संगीताविषयी आज्ञापत्र काढले. त्यात चर्चमध्ये पियानो, ढोल, झांजा यांसारख्या वाद्यांना मनाई केली होती. त्या काळी युरोपातल्या कित्येक चर्चमधून नाटकघरातले संगीत वाजत असे. त्याला आवर घालणे हा त्या आज्ञापत्राचा एक हेतू होता.

साठ वर्षांनी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने अधिक मोकळा मार्ग दाखवला. ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात (कलम १२०) पाइप ऑर्गनला मानाचे स्थान कायम ठेवले गेले. त्याबरोबरच इतर वाद्येही अधिकाऱ्यांच्या संमतीने वापरता येतील असे सांगितले. त्यासाठी तीन कसोट्या दिल्या. वाद्य पवित्र कार्यासाठी योग्य असावे किंवा तसे करता यावे, मंदिराच्या प्रतिष्ठेला ते शोभावे, आणि त्यामुळे भाविकांची श्रद्धा खरोखर वाढावी.

पुढे ५ मार्च १९६७ रोजी 'मुसिकाम साक्राम' ही सूचना निघाली. आपल्या विषयाला ती फारच उपयुक्त आहे. तिच्या ६३ व्या कलमात दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत. वाद्य निवडताना त्या त्या लोकांची संस्कृती आणि परंपरा ध्यानात घ्यावी, ही एक. दुसरी अशी की लोकांच्या समजुतीप्रमाणे आणि वापराप्रमाणे जी वाद्ये केवळ ऐहिक संगीतालाच योग्य ठरतात ती उपासनेत आणू नयेत. इथला 'केवळ' हा शब्द लक्षात ठेवावा. जे वाद्य बाहेरही वाजते आणि प्रार्थनेतही वाजू शकते, त्याचा रस्ता हे कलम अडवत नाही. आपल्या देशात विश्वपरिषदेनंतर भजनाच्या चालीवरची गीते आली, त्यांच्याबरोबर तबला, बासरी आणि पेटीही वेदीजवळ आली, ती याच विचारातून.

वाद्य कुठे वाजेल आणि कुठे थांबेल?

याच सूचनेच्या ६५ व्या कलमात एकट्या वाद्याच्या चार जागा सांगितल्या आहेत. धर्मगुरू वेदीपाशी पोहोचण्यापूर्वीचा आरंभ, अर्पणविधी, ख्रिस्तशरीर स्वीकारण्याची वेळ आणि मिस्साचा शेवट. आपल्याला या चार जागांचा विचार करायचा आहे.

पहिली जागा प्रवेशाची. आपण तिला 'नवरीची एन्ट्री' म्हणू लागलो आहोत आणि घोटाळा इथूनच सुरू होतो. विवाहविधीच्या ग्रंथाप्रमाणे धर्मगुरू वधूवरांचे दाराशी किंवा वेदीपाशी स्वागत करतात आणि प्रवेशाची मिरवणूक वेदीकडे जाते. ही उपासनेची सुरुवात आहे. नवरी त्या मिरवणुकीत आहे, पण मिरवणूक ख्रिस्ताच्या वेदीकडे चालली आहे. म्हणून इथे वाद्य वाजले तरी प्रवेशगीत गाळू नये. वाद्याने सुरुवात करावी आणि मंडळीच्या गाण्यात ते विरून जावे.

इथे थोडे गणितही करावे लागते. दारापासून वेदीपर्यंतचे अंतर तीस मीटर आहे असे धरा. मिरवणूक सेकंदाला अर्धा मीटर या संथ गतीने चालली तर साठ सेकंद लागतात. मिनिटाला साठ ठोक्यांच्या लयीत, चार ठोक्यांचे एक माप धरले, तर आठ मापांचा एक चरण बत्तीस सेकंदांचा होतो. म्हणजे दोन चरण पुरतात. पाच मिनिटांची रचना निवडली तर नवरी वेदीपाशी पोहोचून चार मिनिटे ताटकळत उभी राहील. वाजवणाऱ्याने कोणत्या चरणावर थांबायचे ते आधीच पेन्सिलीने खूण करून ठेवावे.

दुसरी जागा अर्पणविधीची. भाकर आणि द्राक्षारस वेदीवर येतात तेव्हाची. एकट्या वाद्याला ही जागा सर्वांत चांगली, कारण इथे मंडळी बसलेली असते आणि दोन मिनिटांची शांत धून मनाला एकाग्र करते.

तिसरी जागा ख्रिस्तशरीर स्वीकारण्याची. इथे गायन असावेच. एखादे गीत झाल्यावर रांग बाकी असेल तर वाद्य वाजू शकते. पण स्वीकारल्यानंतरची काही क्षणांची शांतता वाद्याने भरून काढू नये. ती शांतता रिकामी नसते.

चौथी जागा शेवटची. इथे आनंदाला मुभा आहे. वाद्य मोकळ्या आवाजात वाजू द्यावे. नोंदवहीवर सह्या होत असतील तर त्या वेळीही एखादी धून चालते.

आता वाद्याने कुठे गप्प बसायचे ते पाहू. धर्मगुरू मोठ्याने प्रार्थना म्हणत असतील तेव्हा कोणतेही वाद्य वाजू नये, असा स्पष्ट नियम आहे. प्रभूचे वचन वाचले जात असताना वाद्य नाही. प्रतिसाद स्तोत्राच्या जागी वाद्य नाही, कारण ते देवाचे वचन आहे आणि शब्दांशिवाय त्याला अर्थ नाही. वधूवर एकमेकांना संमती देतात तेव्हा तर मुळीच नाही. काही ठिकाणी या क्षणी मागे हळुवार संगीत सोडतात, सिनेमात सोडतात तसे. दोन माणसे जन्मभराचा शब्द देत असतात. धर्मगुरूंनी, साक्षीदारांनी आणि सगळ्या मंडळीने तो ऐकायचा असतो. त्या शब्दांवर दुसरा कुठलाही आवाज नको.

आगमनकाळ आणि उपवासकाळ यांबद्दलही इथेच सांगतो. १९६७ च्या सूचनेप्रमाणे या काळांत, पवित्र सप्ताहाच्या अखेरच्या तीन दिवसांत आणि मृतांसाठीच्या मिस्सामध्ये एकटे वाद्य वाजवता येत नाही. मिस्साग्रंथाच्या नियमांप्रमाणे आगमनकाळात वाद्यांचा वापर संयमाने करावा, आणि उपवासकाळात एखादा सण वगळता वाद्याने फक्त गायनाला आधार द्यावा. तेव्हा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातली तारीख ठरली असेल तर वादकाला विसार देण्यापूर्वी फादरांशी बोलून घ्यावे.

वाद्यांची ओळख

आता एकेक वाद्य पाहू. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आणि अडचणही वेगळी.

व्हायोलिन मानवी आवाजाच्या खूप जवळ जाते आणि उपासनेत ते आपल्याकडे जुनेच आहे. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून मेस्त मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवीत. त्या परंपरेतले कितीतरी वादक पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात नावाजले गेले. चर्चमध्ये स्वर घुमतो, त्यामुळे व्हायोलिनवर लांब, सावकाश स्वर शोभतात. झरझर वाजवलेले स्वर एकमेकांत मिसळून त्यांचा गोंगाट होतो. आपल्या दमट हवेत तारांचा सूर हलतो. वादकाने मिस्साच्या अर्धा तास आधी येऊन देवळाच्या आतच तारा लावून घ्याव्यात.

बासरी मृदू आहे आणि आपल्या मातीतली आहे. अडचणी दोन. एक बासरी ठराविक सुरातच सहज वाजते, म्हणून गायकवृंदाचा सूर आधी कळवावा लागतो, म्हणजे वादक त्या सुराची बासरी घेऊन येतो. दुसरी अडचण पंख्यांची. फुंकर छिद्राच्या कडेवर नेमकी पडली तरच स्वर निघतो, आणि वरून पंख्याचा झोत आला की फुंकर फाटते. बासरीवाल्याला पंख्याखाली उभे करू नका.

पेटी म्हणजे हार्मोनियम. हिचा जन्म युरोपातला. पॅरिसच्या अलेक्झांडर डेबेन यांनी १८४२ मध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले. पुढे बंगालमध्ये तिला हाताचा भाता मिळाला आणि ती मांडी घालून वाजवण्याजोगी झाली. पेटीचे स्वर ठरलेले असतात, त्यामुळे तिच्यावर मींड घेता येत नाही. हे एक कारण सांगून आकाशवाणीने १९४० ते १९७१ पर्यंत तिला दूर ठेवले होते. मंडळीच्या गायनाला आधार द्यायला मात्र पेटीसारखे वाद्य नाही. एकटी वाजवायची तर साधी, ओळखीच्या भजनाची चाल वाजवावी.

गिटार आणि सतार यांचा आवाज मोठ्या देवळात मागच्या बाकांपर्यंत पोहोचत नाही. मायक्रोफोन लागतोच, आणि तो नीट लावणारा माणूसही लागतो. लहान चॅपलमधल्या लग्नाला शास्त्रीय पद्धतीने बोटांनी वाजवलेली गिटार फार सुंदर वाटते.

ट्रम्पेट शेवटच्या मिरवणुकीसाठी उत्तम. अर्पणविधीला नको. सनईलाही हेच लागू. उस्ताद बिस्मिल्ला खान यांनी (१९१६–२००६) तिला मैफिलीत नेले आणि ती किती कोमल होऊ शकते हे दाखवले. पण तसा वादक मिळणे कठीण. साध्या सनईवाल्याला दाराशी, अंगणात बसवावे. तिथे ती मंगल वाटते आणि आतल्या प्रार्थनेवर चढत नाही.

सॅक्सोफोन हे वाद्य वाईट नाही. त्याचा आवाज भरदार आणि ऊबदार आहे. मात्र आपल्याकडे तो बहुतेक वेळा हॉलमधल्या पार्टीतच ऐकू येतो आणि वादकाच्या बोटांतही त्याच चाली बसलेल्या असतात. वादक उपासना जाणणारा असेल तर विचार करावा.

राहता राहिले ध्वनिमुद्रित संगीत. "वादकाला कशाला पैसे, मोबाइलवरून लावू या," असे हल्ली ऐकू येते. उपासनेत ध्वनिमुद्रित संगीत वाजवू नये, असे ३ सप्टेंबर १९५८ च्या रोमच्या सूचनेतच सांगितले होते. त्या वेळी ग्रामोफोन आणि टेपरेकॉर्डर होते, आता मोबाइल आहे. उपासना ही जिवंत माणसांची भेट आहे. तिथे एखाद्या मुलीने पेटीवर चाचपडत वाजवलेली चालही परदेशी ऑर्केस्ट्राच्या ध्वनिफितीपेक्षा मोलाची.

कोणती धून?

वाद्याइतकीच धुनेची निवड महत्त्वाची आहे. आपल्याकडे दोन पाश्चात्त्य 'वेडिंग मार्च' सर्रास वाजतात. नवरी आत येताना वाजते ती धून वाग्नर यांच्या 'लोहेनग्रिन' या १८५० च्या संगीतनाटकातली. त्यात ती चर्चमध्ये नव्हे, तर लग्नानंतर शयनगृहात गायली जाते, आणि ते लग्न त्याच रात्री मोडते. बाहेर पडताना वाजते ती मेंडेल्सन यांची १८४२ ची रचना. ती शेक्सपिअरच्या एका विनोदी नाटकासाठी केलेली होती. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीच्या थोरल्या मुलीच्या १८५८ मधल्या लग्नात या दोन्ही वाजल्या आणि मग जगभर रूढ झाल्या. या धुना वाजवणे पाप नाही. पण त्यांच्यावाचून ख्रिस्ती लग्न होत नाही, हा समज मात्र सोडून द्यावा.

'आवे मारिया' नावाच्या दोन रचना लोकप्रिय आहेत. गुनो यांनी बाख यांच्या १७२२ च्या एका वादनरचनेवर आपली चाल बसवली आणि १८५३ मध्ये ती आधी वाद्यासाठीच प्रसिद्ध झाली. पवित्र मरियेच्या प्रार्थनेचे शब्द तिला नंतर जोडले गेले. त्यामुळे एकट्या व्हायोलिनवर ती अगदी स्वाभाविक वाटते. शूबर्ट यांची १८२५ ची रचना मुळात वॉल्टर स्कॉट यांच्या कथाकाव्यातल्या एका मुलीची मरियेकडे केलेली विनवणी आहे. अर्पणविधीला या दोन्ही चालतात. शेवटच्या मिरवणुकीसाठी ट्रम्पेट असेल तर जेरेमाया क्लार्क यांची इ. स. १७०० च्या सुमाराची 'प्रिन्स ऑफ डेन्मार्क मार्च' ही रचना आहे. बरीच वर्षे ती चुकून पर्सेल यांच्या नावावर खपत होती.

आणि आपली मराठी गीते? मंडळीला पाठ असलेल्या गीताची चाल एकट्या बासरीवर किंवा व्हायोलिनवर वाजली की लोकांच्या ओठांवर शब्द आपोआप येतात. वाद्य एकटे असले तरी प्रार्थना सगळ्यांची होते. चित्रपटगीतांची धून नको, याचेही कारण हेच. "शब्द गात नाही, नुसती चाल वाजवतो," असे वादक सांगतात. पण ऐकणाऱ्याच्या मनात शब्द वाजतातच, आणि त्यांच्याबरोबर पडद्यावरचा नायक, नायिका आणि बागही येते. एवढा सगळा लवाजमा वेदीपाशी कशाला?

मामांचे क्लॅरिनेट

आता त्या कुटुंबाकडे परत येऊ. फादरांना मी सगळे सांगितले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तो माणूस मिस्साला येतो का?" मी म्हणालो, "दर रविवारी पहाटेच्या मिस्साला, मागच्या बाकावर." फादर म्हणाले, "मग त्याला विधी ठाऊक आहे. बोलवा."

क्लॅरिनेट बँडमध्ये कर्कश वाटते, कारण उघड्यावर, ढोलाच्या वर आपला आवाज पोहोचवण्यासाठी ते वरच्या सप्तकात जोराने वाजवावे लागते. त्याच वाद्याचे खालचे सप्तक लाकडासारखे गडद आणि मऊ आहे. मोझार्ट यांना हे वाद्य फार प्रिय होते. १७९१ या आयुष्याच्या शेवटच्या वर्षी त्यांनी त्याच्यासाठी एक मोठी रचना केली. त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्तशरीराच्या सणासाठी 'आवे वेरुम कोर्पुस' हे छोटे गीतही रचले. अवघ्या ४६ मापांचे. आम्ही मामांसाठी त्याचीच चाल निवडली.

पहिल्या सरावाला अडचण आली. बँडमधले क्लॅरिनेट बी फ्लॅटचे असते. वादक कागदावरचा 'सी' वाजवतो तेव्हा कीबोर्डचा 'बी फ्लॅट' ऐकू येतो. मूळ गीत डी मेजरमध्ये आहे, म्हणजे क्लॅरिनेटला ई मेजर, चार शार्प. मामांची बोटे अडखळू लागली. आम्ही गीत अर्धा स्वर चढवून ई फ्लॅटमध्ये घेतले, तेव्हा क्लॅरिनेटला एकच फ्लॅट उरला आणि चाल सरळ वाहू लागली. क्लॅरिनेटबरोबर वाजवणाऱ्या कीबोर्डवाल्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

खरी अडचण पुढे होती. मामांना हळू वाजवता येत होते, पण थांबणे जमत नव्हते. बँडमध्ये थांबले की लोक ओरडतात, "वाजवा, वाजवा!" चाळीस वर्षांची ती सवय. गीत संपले की ते आपणहून पुन्हा पहिल्यापासून सुरू करीत. तिसऱ्या सरावाला मी त्यांना म्हटले, "मामा, चाल संपली की क्लॅरिनेट गुडघ्यावर ठेवा आणि मनात एक 'आमच्या बापा' म्हणा." त्यांनी मान डोलावली.

लग्नाच्या दिवशी व्हायोलिन नव्हते, सॅक्सोफोनही नव्हता. मंडळीने प्रवेशगीत गायले. अर्पणविधीला मामांनी एका मराठी भजनाची चाल वाजवली. ख्रिस्तशरीर स्वीकारण्याचे गीत संपल्यावर 'आवे वेरुम' वाजले, आणि शेवटचा स्वर विरल्यावर क्लॅरिनेट गुडघ्यावर आले. देवळात कुणी हलले नाही. पंख्यांचा आवाज तेवढा ऐकू येत होता. मुलीच्या आईने डोळ्यांना पदर लावला होता. "बँडवाला देवळात कसा?" असे विचारणारे नातेवाईक दुसऱ्या रांगेत हात जोडून बसले होते.

मिस्सा संपल्यावर फाटकाशी बँड उभा होता. मामा बाहेर आले, आपल्या जुन्या सोबत्यांत जाऊन उभे राहिले आणि वरच्या सप्तकात, खणखणीत आवाजात वाजवू लागले. तेही बरोबरच होते. तिथे तेच हवे होते.

तेव्हापासून कुणी "कोणते वाद्य ठेवू?" असे विचारले की मी एवढेच सांगतो : ज्याला थांबणे कळते त्याच्या हातातले वाद्य निवडा.

तयारीसाठी काही सूचना

१. लग्नाच्या निदान दोन-तीन महिने आधी फादरांना आणि गायकवृंदाच्या प्रमुखांना भेटा. वादक ठरवून मग विचारायला जाऊ नका.

२. आपल्याच धर्मग्रामात, नात्यात किंवा वाडीत कुणी वाजवणारे आहे का ते आधी पाहा. बाहेरचा वादक आणायचा झाल्यास त्याला विधीचा क्रम लिहून द्या. त्यात 'वाजवणे' आणि 'थांबणे' अशा दोन्ही खुणा करा.

३. एक तरी सराव देवळातच करा. रिकाम्या देवळात आवाज जास्त घुमतो, भरलेल्या देवळात माणसे आणि कपडे तो शोषून घेतात, हे लक्षात ठेवा.

४. वादकाची जागा गायकवृंदाजवळ असावी. वेदीपुढे किंवा मधल्या वाटेवर नको. व्हिडिओवाल्यालाही तसे सांगून ठेवा.

५. वादकाचे मानधन आधी ठरवा आणि वेळेवर द्या. चर्चमध्ये वाजवतो म्हणून फुकट, हा न्याय नव्हे.

६. ऐपत नसेल तर वाद्य ठेवू नका. त्यासाठी कर्ज तर मुळीच काढू नका. मंडळीने मनापासून गायलेले गीत पुरेसे आहे. त्यावाचून संस्कारात काहीही उणे राहत नाही.

योहानाने काना गावच्या लग्नाची हकीकत लिहिली. द्राक्षारस, रांजण, नोकर, कारभारी सगळ्यांचा उल्लेख त्याने केला. वाजंत्र्यांबद्दल तो एक शब्दही लिहीत नाही. लग्न होते म्हणजे तेही असतीलच. पण त्या घरात प्रभू येशू आणि त्याची आई आमंत्रित होते, हे योहानाला सांगायचे होते. आपल्या लग्नातले वाद्य वाजून थांबल्यावर लोकांच्या ध्यानात तेवढेच उरले, तर वाद्य बरोबर निवडले असे समजावे.

कुटुंबात आणि प्रार्थनागटात चर्चेसाठी

१. आपण शेवटी हजर राहिलेल्या लग्नाच्या मिस्सामध्ये वाद्याने प्रार्थनेला मदत केली की अडथळा आणला? कोणत्या क्षणी?

२. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा अध्याय १६ (१४ ते २३) वाचा. दाविदाच्या वादनाने शौलाला काय मिळाले? आपल्या उपासनेतल्या संगीताकडून आपण कशाची अपेक्षा करतो?

३. देवाने दिलेली कला असूनही देवळाच्या फाटकाबाहेरच राहिलेले कुणी आपल्या वाडीत आहे का? त्यांना आत बोलावण्यासाठी आपण काय करू शकतो?